पाच नावांचा कागद

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही भागरता मेश्राम हिची आहे. बोलते मी, लिवते माही नात समीक्षा, वर्ग सातवा. मले अक्षर येत नाही, म्हणून मी बोलली एक अन् तिनं लिवलं दुसरं, तरी मले कळणार नाही. आता ती म्हणून राह्यली की आजी, असं वहीत लिवत नसतात. लिव म्हणलं, बाई.

आज मले नोकरी लागली, सहासष्टाव्या वर्षी. सून रचना म्हणे, आई, लोक काय म्हणतील. मी म्हणलं, म्हणतील की डोकरीले लागली अन् तुह्या नवऱ्याले नाही लागली. माहा पोरगा महेंद्र ऑटो चालवते. तो हसला, ती नाही हसली.

गोंदिया रोडवर मस्तीवन पार्क आहे. पाण्याची घसरगुंडी, आकाशपाळणा, सिमेंटचा डोंगर अन् डोंगरात सिमेंटचा वाघ. खरा वाघ आमच्या जंगलात पडला आहे, पण त्याच्यासंग फोटो काढता येत नाही ना. शाळेत वीस वर्षं मोठ्या गंजात खिचडी शिजवली मी. दीडशे लेकरं, कोणाले वांगं चालत नाही, कोणाचा बाप पिऊन येते, सगळं तोंडपाठ. तेच ऐकून मले घेतलं म्हणे. गेटाच्या आत बांबूच्या झोपडीत बसायचं, येईल त्याले नमस्ते करायचं, रस्ता दाखवायचा.

अपूर्वा मॅडमनं दिवसभर शिकवलं. दात मोजून हसते ती, वरचे आठ, खालचा एकही नाही. एका बोटानं रस्ता दाखवायचा नाही, पूर्ण हात उघडायचा. माहीत नाही, हे दोन शब्द घरी ठेवून यायचे. लेकरासंग बोलताना गुडघे वाकवून त्याच्या डोळ्यापाशी डोळे न्यायचे. रस्ता नुसता सांगायचा नाही, संग चालत जायचं. नाव एकदा ऐकलं की जाताना त्याच नावानं निरोप द्यायचा. मनात म्हणलं, हे तर मी वीस वर्षं फुकटात करून राह्यलती.

बाहेर जायच्या दारावर काचेचा मोठा फळा आहे, त्यावर आम्हा सगळ्यांचे फोटो. जो लक्षात राह्यला, त्याच्या फोटोवर पाहुणा जाताना हात ठेवते, अन् फोटो उजळते. सगळ्यात उजळ फोटो पाळण्यापाशी असते त्या मैनाबाईचा.

शेवटी एक कागद भरला. मॅडम म्हणे, तुम्हाला नावानं ओळखणारी, तुमच्या मायेची पाच माणसं सांगा, लांबच्यापासून सुरू करा. मी खुशीत सांगतलं. कोपऱ्यावरचा दुकानवाला डोमाजी, राजेगावची माही बहीण कमला, मंग सून, मंग पोरगा, अन् सगळ्यात शेवटी समी. समीचं नाव मॅडमनं दोनदा विचारून घेतलं. मी अंगठा दिला. मंग सांगतलं की पाहुण्यांचं काय भलं केलं ते रोज घरी वहीत लिवा. मले येत नाही म्हणलं, तर म्हणे कागदावरच्या शेवटच्या माणसाकडून लिवून घ्या, ते तर जास्तच छान.

छातीवर बिल्ला लावला. माहं नाव असल म्हणून समीले वाचायले लावलं. नुसतं 'दादी' आहे म्हणे.

८ नोव्हेंबर, शनिवार

वारासिवनीची एक नवी नवरी घसरगुंडीवरून उतरली तर गळ्यात मंगळसूत्र नाही. सासू बाकावर बसली होती, तोंड कडू करेल्यासारखं. पोरगी पदरानं गळा झाकून माह्यामागं लपली. मी सासूपाशी गेली अन् सांगतलं, तुमची सून लय हुशार, पाण्यात जायच्या आधी मंगळसूत्र माह्यापाशी ठेवून गेली. मंग नालीची जाळी उघडून दोन तास हात घातला. सापडलं. पोरगी जाताना गळ्यात पडून रडली, म्हणे दादी, मी तुले जलमभर इसरणार नाही. तिनं हात ठेवला, नवऱ्यानं ठेवला, त्या करेल्यानंही ठेवला. मॅडम म्हणे, पहिल्याच आठवड्यात एवढा उजेड कोणाचा पडला नव्हता.

संध्याकाळी डोमाजीच्या दुकानावर चहापत्ती घेतली. चाळीस वर्षांपासून घेते. तो म्हणे, बाई, या वॉर्डात कोणाकडे आल्या तुम्ही. मी म्हणलं, तुह्याच घरी आली, तुही बायको म्हातारी झाली म्हणते ना तू. तो हसला नाही. पैसे घेतले अन् रस्ता सांगायले लागला. चेष्टा करते मेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मैनाबाईची मी रोज फिरकी घेते. घरी जात नाही ती, स्टाफच्या खोलीत चटई टाकून राहते. मी म्हणलं, काहून वो, नवऱ्यानं हाकललं की तू त्याले हाकललं. नुसती हसते, पाहुण्यांसमोर हसते तशी.

आज तिचा पोरगा आला. नाक तेच, चालणं तेच, सांगायची गरज नव्हती. बायको अन् लहान पोरगी संग होती, तिकीट काढून आला. मी पाहून राह्यलती की आता पाया पडल. तो तिच्यासमोर जाऊन उभा राह्यला अन् म्हणे, मौसी, बाथरूम किधर है. मैनाबाईनं पूर्ण हात उघडला अन् त्याच्यासंग चालत गेली. परत आल्यावर त्याच्या पोरीपाशी गुडघे वाकवून बसली, तिले नाव विचारलं. आपल्या नातीले नाव विचारलं तिनं. जाताना पोरानं मायच्या फोटोवर हात ठेवला. बहुत अच्छी बाई है, म्हणे.

मी म्हणलं, मैने, माहा पोरगा असा वागला असता तर जोड्यानं मारलं असतं. ती म्हणे, त्याची चूक नाही बाई, कागदावर त्याचं नाव चौथं होतं.

डोक्यावर परिणाम झाला डोकरीच्या. समी विचारते, आजी, तुह्या कागदावर चौथं कोण. मी म्हणलं, तुहा बाप. तू लिव, पंचाईत करू नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

कमलाले फोन लावला. म्हणे रॉंग नंबर. परत लावला. तिसऱ्यांदा म्हणे, मले बहीण नाही, तुम्ही कोण आहात, काहून सतावता. आवाज तिचाच. तापात चार दिवस माह्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी कमला ती.

पार्कात गेली ते सरळ मैनाबाईपाशी. आज फिरकी घेतली नाही. तिनं सांगतलं, फोटोवर हात पडतात तसतसं एक एक नाव जाते, लांबच्यापासून. पाहुण्याच्या मनात जागा झाली की घरची जागा रिकामी होते. मी विचारलं, तुही पाचवी कोण होती. लय येळ आठवत बसली. लहान होती म्हणे. एवढंच.

मॅडमले कागद दाखवा म्हणलं. लपवला नाही तिनं, टेबलावर ठेवला. मले अक्षर येत नाही, पण मारलेली रेघ ओळखू येते. वरच्या दोन नावांवर रेघा होत्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पाणी आणायले बाहेर गेली. आली तर दार लावलेलं. कडी वाजवली. रचनानं दार उघडलं, मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं अन् आत गेली. वाटीभर तांदूळ घेऊन आली. पदरात घे म्हणे, अन् पुढच्या घरी जा, आमच्याकडे वेळ नाही.

ह्या सुनेची दोन बाळंतपणं मी केली. एक लेकरू गेलं, तेव्हा हिचं डोकं माह्या मांडीवर होतं.

समी धावत आली, मायवर ओरडली. महेंद्रनं मले हात धरून आत घेतलं अन् बायकोले म्हणे, पागल झाली काय, माय आहे माही. त्याच्या तोंडून माय ऐकलं अन् मी तांदूळ तिथंच सांडले. त्यानं उचलले, दाणा दाणा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज मी वाईट वागली. ठरवूनच गेलती. लक्षातच राहायचं नाही, राह्यली तर शिवी म्हणून राहायचं. एका बोटानं रस्ता दाखवला. माहीत नाही म्हणलं, पन्नास वेळा. एक जण म्हणे दादी, फोटो. मी म्हणलं तुह्या मायसंग काढ, घरी वाट पाहून राह्यली असल बिचारी. एका जाड्याले म्हणलं, पाळण्यात बसू नको, पाळण्याचाही जीव आहे.

लोक हसून हसून लोळले. एकानं मोबाईलवर घेतलं. दुपारपर्यंत लोक झोपडीसमोर रांग लावून उभे, म्हणे दादी, हमको भी डांटो. बाहेरच्या दारावर माहा फोटो असा उजळला की डोळे दुखले.

मॅडम म्हणे, हे तर आम्हाला सुचलंच नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नोकरी सोडली. कागद मागितला. दिला तिनं. फाडला, चार तुकडे केले, तोंडात घालून गिळला. मॅडमनं प्यायले पाणी दिलं. म्हणे, दादी, कागदाचं काय घेऊन बसलात, अंगठा तर तुमच्याच हातावर आहे.

बिल्ला काढून फेकला. म्हणे, राहू द्या, आता यायचीही गरज नाही. व्हिडिओ नागपूरपर्यंत गेला आहे. लोक घरी बसून तुमची आठवण काढून राह्यले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

महेंद्र गेला.

बाजारातून पायी येऊन राह्यलती. माह्याजवळ ऑटो थांबला, त्याचाच. मले वाटलं, चला, पोरगा घरी नेऊन राह्यला. बसली. तो आरशात पाहून म्हणे, अरे, आप तो मस्तीवनवाली दादी हो ना. मी म्हणलं, महेंद्र. तो म्हणे, मेरा नाम कैसे मालूम, अन् खुश झाला. बायकोले फोन लावला, सांगतलं की आपल्या ऑटोत कोण बसलं आहे पाह्य.

पार्कापर्यंत सोडलं मले. पैसे घेतले नाहीत. हाताले धरून उतरवलं.

पोराचा हात चांगला आहे. मऊ. एवढंच लिव. पुढचं नको.

समी सायकलनं आली शोधत. तिच्या मागं बसून आली मी, डोक्यावर पदर ओढून.

२६ नोव्हेंबर

घराच्या मागं लाकडं ठेवतात त्या खोलीत आहे. समी भाकर आणून देते, मायले कुत्र्यासाठी म्हणून सांगते. दुसऱ्या खेपेले मी भुंकून दाखवलं. हसली, मंग रडली.

शाळेत जायच्या आधी रोज ही वही पहिल्या पानापासून वाचते. म्हणते, आजी, वाचलं की तू पक्की होते. मी म्हणलं, मोबाईलवर माहा व्हिडिओ पाहू नको. ती पाहत नाही. पण वर्गातल्या पोरी दाखवतात. सगळ्या माह्यासारखं बोलून दाखवतात तिले. म्हणे आज ती पण हसली. एकदाच. चुकून.

२८ नोव्हेंबर

आज समीनं भाकर आणली अन् दारातच थांबली. विचार करून राह्यलती, इथं काहून आली म्हणून. मी वही पुढं केली. वाचलं. आजी म्हणली. पण वाचून म्हणली —

येळ लागला. आधी लागत नव्हता.

सोमवारी शाळेची सहल आहे. कुठं ते मी विचारलं नाही. तिनं सांगतलं —

नको लिवू. पान उलट. झोप तू. मी बसते इथं, तुह्याकडे पाहत. पाहायले अक्षर लागत नाही.

३० नोव्हेंबर

पोरगी लाकडं घ्यायले आली अन् दचकली. ओरडणार होती. मी गुडघे वाकवले, तिच्या डोळ्यापाशी डोळे नेले, हसली. दुखतात गुडघे. पण लेकरू भेलं नाही पाहिजे.

मंग तिनं ओळखलं. दादी, आप, हमारे घर में — टाळ्या वाजवल्या. कोणाले सांगू नको म्हणलं. नाही सांगणार म्हणे, पण उद्या सहलीत भेटाल ना, मैत्रिणींसमोर मले एकदा रागवाल ना, नावानं. नाव समीक्षा आहे म्हणे. लक्षात ठेवा.

हौ, ठेवते म्हणलं.

चार ओळी लिवून देशील काय, मले येत नाही, असं विचारलं. बसली. गुणाची आहे. वही पाहून म्हणते, हे अक्षर तर माझ्यासारखंच आहे.

उद्या फोटोवर हात नको ठेवू, एवढं सांगतलं. ठेवीनच म्हणते. तुमच्याच ठेवीन —

आता पहिलं पान वाचून राह्यली. विचारते, दादी, ही भागरता कोण.

सांगते. थांब. नाव ऐकलेलं आहे. ओळखत होती मी तिले, चांगली ओळखत होती. लिव. ती शाळेत — मोठ्या गंजात — ती