मंगळवारी तुला एकटीला विचारतील

प्रिय तेजू,

डावा हात डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला आहे आणि उजव्या हाताने मांडीवर पॅड धरून लिहितोय, म्हणून अक्षर असं लंगडतंय. जरा हललो की सिस्टर ओरडते, "काका, किती वळवळता!" पलीकडच्या खिडकीतून एक गुलमोहर अर्धाच दिसतो. उरलेला मी मनाने काढतो. तुझा बाप पहिल्यापासून असाच, तुला ठाऊक आहे.

आज तुझं कवितापाठांतर आठवत होतं. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, मी आरशापुढे दाढी करतोय आणि तू मागे उभी राहून शाळेतली कविता म्हणतेयस. ओळ अडली तरी 'विसरले' असं तू कधी म्हणाली नाहीस. ओठ घट्ट मिटून हसायचीस. मला ते आरशात दिसायचं आणि पुढची ओळ मीच म्हणून टाकायचो. वाटायचं, केवढी मदत केली पोरीला!

परवा धायरीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने तुझा सत्कार केला, तेव्हा तू तशीच हसलीस. वडिलांना किडनी देणारी लेक म्हणून आमचे अध्यक्ष रावसाहेबांनी माईकवरून तुझी ओळख करून दिली. शाल, नारळ, टाळ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, ऑपरेशन व्हायचंय अजून." तर रावसाहेब म्हणतात, "मग काय, नंतर शाल परत मागणार आहोत?" सगळे हसले. मीही हसलो. फोटो आनंदच्या ऑफिसपर्यंत पोचला म्हणे. जावयाचंही कौतुक झालं असेल. तुझ्या आईला साखर, तुझ्या भावाला, दत्तप्रसादला रक्तदाब, म्हणजे उरलीस तू, असं घरात ठरून गेलं. तुला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तू 'हो' म्हटल्याचंही आठवत नाही.

तपासणीच्या दिवशी मात्र तू डॉक्टरांना हळूच विचारलंस, पुढे दुसरं मूल झालं तर? ते सांगत होते, होऊ शकतं, पण गरोदरपणात जोखीम थोडी वाढते, नीट विचार करा. तेवढ्यात आपली शकूआत्या, "सोनू आहे की! आजकाल एक पुरे." तू पर्स उघडलीस आणि उगीचच काहीतरी शोधत राहिलीस. त्या दिवसापासून मला ती उघडी पर्सच दिसते.

मी 'नको' म्हणून पाहिलं. तुझी आई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. कविता नाहीये ही." आणि तुझी तर उलटीच पंचाईत. मी जितकं नको म्हणेन, तितक्या मोठ्याने तुला 'असं काय बोलता बाबा' म्हणावं लागतं. प्रेमाच्या माणसांनीच चारी बाजूंनी दारं लावून घ्यावीत, तसं झालंय आपलं.

काल इथल्या प्रत्यारोपण समन्वयक पायलताई माझ्यापाशी बसल्या होत्या. मंगळवारी परवानगी देणाऱ्या समितीपुढे दात्याला एकट्यालाच आत बोलावतात, घरचं कुणी नसतं, असं त्या म्हणाल्या. आतलं बोलणं बाहेर येत नाही. दाता नको म्हणाला, तर घरच्यांना एवढंच कळवतात की हा दाता चालणार नाही. का, ते सांगत नाहीत. मेंदूमृत दात्यांकडून मिळणाऱ्या किडनीच्या प्रतीक्षायादीत माझं नाव आहेच. तोवर हे यंत्र आहे.

हे सगळं तोंडी सांगता आलं असतं. पण बोलायला गेलो की माझा आवाज फितूर होतो. खरं सांगू? मला जगायचंय, तेजू. अजून पुष्कळ. त्यामुळे माझं 'नको' पोकळ वाजतं आणि ते तुला ऐकू येतं. म्हणून माझ्या नकाराच्या आधाराने राहू नकोस, तो तेवढा भक्कम नाही. आत गेल्यावर तुझ्या मनात असेल ते सांग. बाहेर बाकावर मी बसलेला असेन. माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस. सरळ आनंदपाशी जा आणि त्याला म्हण, घरी चल.

हो म्हणालीस तरी आणि नाही म्हणालीस तरी तुझाच,
बाबा