रंगूनची चार हँडबिले

मी, सूर्यकांत रघुनाथ पेडणेकर, वय सत्तेचाळीस, टाइल्सच्या कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर, राहणार रास अल खैमा, माझी शेवटची इच्छा शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. घशाच्या ऑपरेशनने माझा आवाज गेला. अक्कल शाबूत आहे. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीचे मत वेगळे असू शकते.

१. पुण्याचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक पत्नी मृणालिनी हिला. पुस्तके मुलगी शुभ्रा हिला. ती "व्हॉट विल आय डू विथ दीज?" म्हणेल, तरी द्यावीत.

२. मंडळासाठी लिहिलेल्या अकरा प्रहसनांचे हक्क कोणालाच नाहीत. अध्यक्षांनी माझे विनोद कापून स्वतःचे घातले. शोकसभेत त्यांनी बोलू नये. तिथे हशा नको.

३. पत्र्याची ट्रंक. पणजोबा भिवा एका पारशी मालकाच्या नाटक कंपनीत नायिका होत. मद्रास, कोलंबो, रंगून, सिंगापूर: साहेबलोकांची थिएटरे मोकळी असत त्या दिवसांत भाड्याने घेऊन कंपनी खेळ लावी. कोकणातला माणूस उर्दूत विरहाची गाणी गाई आणि तीन-तीन वर्षे घर बघत नसे. घरी पत्राऐवजी हँडबिल येई. पणजी मुक्ताबाईंना वाचता येत नव्हते. शाळामास्तर त्यावरचे 'मास्टर भिवा' एवढे वाचून दाखवत, म्हणजे नवरा खुशाल.

१८८९ साली भिवा रंगूनला पटकीने गेले. त्याच दिवशीच्या खेळाला दुसरा त्यांचे लुगडे नेसून उभा राहिला. नावावर गर्दी होई, म्हणून मालकाने नाव तसेच छापले. चार वर्षे हँडबिले येत राहिली, चार वर्षे मुक्ताबाई कुंकू लावून वड पूजत राहिल्या. मग कंपनी सोडून आलेल्या तबलजीने खरे सांगितले. मुक्ताबाईंचे म्हणणे माझ्या आईने, तानुबाईने, नवी सून असताना त्यांच्याच तोंडून ऐकले: "नवरा नेला तो देवानं. चार वर्षं मला नटवली ती माणसांनी."

ट्रंकेतील, भिवा गेल्यावर आलेली ती चार हँडबिले निखिलला द्यावीत.

४. कारण असे. निखिल माझा मित्र, दुबईच्या देरा भागात नोकरीला, नकला करण्यात पटाईत. जूनपासून दर शुक्रवारी तो गावी फोन करून माझ्या आवाजात आईशी बोलतो. आईचे हृदय नाजूक, म्हणून मृणालिनीने सुचवले. वाक्ये मी गुरुवारी लिहून देतो. म्हणजे कंपनीचा मालक मीच. पहिल्याच फोनवर आई म्हणाली, "आज कधी नव्हे तो सरळ बोललास रे."

गेल्या आठवड्यात मला झोप लागली असे समजून मृणालिनी निखिलला म्हणाली, "यांच्यानंतरही, आई आहेत तोवर हे चालू ठेवू या."

निखिल म्हणाला, "पण वहिनी, वाक्यं कोण लिहिणार?"

त्याला प्रश्न पडला तो एवढाच.

५. तर खलास. वहीत उरलेली वाक्ये फाडावीत. मी जाईन त्याच दिवशी, शुक्रवारची वाट न पाहता, निखिलने आईला फोन करून स्वतःच्या आवाजात सांगावे की सूर्यकांत गेला, जूनपासून बोलत होता तो निखिल, आणि वाक्ये मात्र सूर्यकांतची होती. हे होईपर्यंत कलम १ थांबवावे. जिवंतपणी हे सांगण्याची हिंमत मला झाली नाही, म्हणून कागदाकडून करवून घेत आहे.

सही: सू. र. पेडणेकर

आमच्यासमोर सही केली:
बिलकीस काझी, ऑफिसातील टायपिस्ट
गणू परब, गोदाम कामगार

रास अल खैमा, ४ नोव्हेंबर १९९९, गुरुवार. उद्याची वाक्ये अजून लिहायची आहेत.