टोपावरचा पोचा

लालबाग,
ता. ११ मार्च १९५६

तीर्थरूप दाजींना रामदासचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. आमच्या धाकट्या ललिताचा खोकला उतरला. मिलमध्ये माझी पाळी बदलली, तेव्हापासून झोपेचं काही खरं नाही. साच्यापुढे धागे सांधत उभा राहतो तो नुसता सवयीनं.

अर्ध्या तासाच्या वाटेवर राहणारा मेहुणा पत्र काय लिहितो, असं तुम्हाला वाटेल. दोनदा निघालो होतो. एकदा तर कॉटन ग्रीनला तुमच्या जिन्यापर्यंत येऊन परत फिरलो. समोर बसलो की मी चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून उठणार, हे मला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी आक्का आली होती. म्हणाली, तुम्ही तार ऑफिसच्या तारा वाटायला उघड्या डोक्यानंच सायकल हाणता. भोईवाड्याच्या वळणावर लॉरी घासून गेली, कोपर सोलवटलं, तरी ऐकत नाही. तुमच्या डोक्यावरच्या लोखंडी टोपात तिनं आता कांदे ठेवलेत. "तूच त्यांना टोप टाका म्हणालास," म्हणाली, "आता तूच घालायला सांग. तुझं ऐकतात रे ते."

तिच्या तोंडाकडे बघवेना.

परळला ट्रामच्या रुळात चाक अडकून तुम्ही पडलात, डोक्याला सहा टाके पडले, तेव्हा तिनं चोरबाजारातून तो लढाईतला लोखंडी टोप शोधून आणला. आत जुन्या लुगड्याचं अस्तर शिवलं. चाळीत सगळ्यात जास्त मी हसलो. कुठल्या आघाडीवर निघालात म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "हस लेका. तुझं डोकं छपराखाली असतं, माझं ट्राम आणि लॉरीच्या मधे."

मग जानेवारीतला संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ आला. आमच्या खात्यातला सीताराम पोलिसांची गोळी लागून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नाक्यावर उभे होतो. सगळी मुंबई बंद, आणि तुम्ही घंटी वाजवत आलात. खांद्याला पिशवी, अंगावर खाकी, डोक्यावर टोप. कुठूनसा दगड आला, टोपावर बसला, तुम्ही सायकलसकट आडवे झालात.

संध्याकाळी आमच्याकडे येऊन तुम्ही म्हणालात, "पोलीस समजून मारलं कुणीतरी. टोपानंच घोळ केला." मी मान हलवली. वर म्हणालो, मग टाकाच तो टोप, दाजी.

कुणी पोलीस समजलं नव्हतं. दगड मी मारला. तुम्ही आहात हे ओळखून मारला. सीतारामची राख अजून गरम होती आणि आपल्या घरातला माणूस सरकारच्या तारा वाटत फिरतोय, एवढंच डोक्यात होतं. कुणाच्या घरी कुणी गेल्याचीही तार असेल, हे तेव्हा सुचलं नाही. तुम्ही पडलात तसा मी गर्दीत मागे सरलो. तुम्हाला उचलायलाही आलो नाही. दुसरे धावले.

दगडानं टोपाला पडलेला पोचा डोळ्यांसमोर नको, म्हणून टोपच टाकायला सांगितलं. माझी लाज झाकायला तुमचं डोकं उघडं केलं. त्या दिवशी टोप नसता तर आक्काचं कपाळ मी पुसलं असतं. रोज साच्यापुढे हेच मनात येतं आणि धागा तुटतो.

क्षमा मागायला तोंड नाही, मागतही नाही. आक्काला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलंत तर ती माझी पायरी चढणार नाही, तेही सोसेन. चारचौघांत माझ्या थोबाडीत मारायची असेल तर मारा, मी हात वर करणार नाही.

पण टोपाचा काही दोष नव्हता, दाजी. उद्यापासून तो घाला. माझं तोंड कधी बघू नका, पण टोप घाला.

तुमच्या पायांशी यायचं धैर्य नसलेला,
रामदास