तानाबाईंचं विरजण

४ मार्च
रहाटणीहून बाडबिस्तरा घेऊन आज चाकणजवळच्या खोलीत आले. खोली हवेशीर आहे, खिडकीतून शेताचा उरलेला तुकडा दिसतो. बाकीच्या शेतावर कंपन्या आल्या, तेव्हा मालकीण तानाबाईंनी या नऊ खोल्या बांधल्या. माझी सोडून आठांत भाडेकरू, सगळे कंपन्यांतले. गेले तीन आठवडे खोल्यांमध्ये आळीपाळीने उलट्या-जुलाब चाललेत, आणि ते कंपन्यांतही पसरलेत. उगम शोधायला प्रयोगशाळेने मला पाठवलंय. स्थळं येतात तेव्हा माझं संशोधन कशावर आहे हे सांगताना आई हमखास खोकते.
आल्या आल्या तानाबाईंनी ताक दिलं. नाही कसं म्हणणार? गोडसर होतं, दोन पेले प्यायले.

६ मार्च
शौचाच्या नमुन्यांत नोरोव्हायरस हा विषाणू सापडला, आठही खोल्यांत एकच वाण. शेजारी लातूरकडचे ज्ञानेश राहतात, चार वर्षांच्या सृष्टीला घेऊन. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलीय. पोरगी तीनदा आजारी पडली, डोळे खोल गेलेत. आणखी एकदा झालं तर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय. ताई, एवढं शोधाच, म्हणाले आणि हात जोडले. मी शब्द दिला. द्यायला नको होता, पण दिला.

९ मार्च
पाणी स्वच्छ, जेवणाचे डबेही स्वच्छ. मग आज सकाळी ओट्यावरची रांग बघितली. आठही खोल्यांतून वाट्या येतात आणि तानाबाई गाडग्यातलं विरजण बोटाने काढून देतात. बोटाला उरलेलं चाटायचं, तेच बोट पुन्हा गाडग्यात. मला शिसारी आली. रोज तेच ताक मीही पितेय.
सासूने माहेराहून आणलेलं विरजण आहे म्हणे. ‘आमचं विरजण कंदी मोडलं न्हाई,’ हे त्यांनी दोनदा सांगितलं. नव्या भाडेकरूला पहिल्या दिवशी ताक द्यायचंच, ही त्यांची रीत.
एक थेंब गुपचूप नमुन्यासाठी घेतला. उगम तोच. पक्कं होईपर्यंत सृष्टीला दही-ताक देऊ नका, असं ज्ञानेशना सांगितलं.

११ मार्च
गाडग्यातल्या विषाणूंचा आकडा चुकतोय. हा विषाणू दह्यात वाढत नाही, जिवंत माणसाच्या आतड्यातच वाढतो. रोज नवं दूध पडतं, म्हणजे तो विरळ व्हायला हवा. आज परवाच्या नऊपट भरला. तीनदा मोजला.
तानाबाई रानात गेल्यावर गाडग्यात बॅटरी मारली. आतली बाजू मातीची नाही. गुलाबी, ओलसर, बारीक घड्यांची. चमचा टेकवला तर आक्रसली. वास उलटीचा आणि कोमट दुधाचा. मोरीत वाकून बसले, पण पोटातून काही वर येईना.

१३ मार्च
तानाबाई लग्नाला तळेगावला गेल्या. गाडग्यात ब्लीच ओतलं. त्याने हिसके दिले, माझ्या हातात, धरवेना. मग निपचित पडलं. दूर खड्ड्यात पुरलं. आठही खोल्यांतलं दही फेकायला लावलं, वाट्या उकळल्या. विरजणात दोष होता, एवढंच ज्ञानेशना सांगितलं. सृष्टीने मऊ भात खाल्ला, वर परत मागितला. आज मी सुखाने झोपणार.

१५ मार्च
तानाबाई परतल्या. मला वाटलं भांडतील. भांडल्या नाहीत. माझ्या पोटाकडे बघत बसल्या. ‘असू द्या. तुमच्यात हाय की.’
मी हसले. मग स्वतःचा नमुना तपासला. मी एकदाही आजारी पडले नाही, हे आधी का नाही खटकलं —
आकडा यंत्रात मावत नाही.

१६ मार्च
पोट गार. भूक नाही. कूस बदलली की आत काहीतरी थलथलतं, घट्ट. ढेकर आंबट. फोन तानाबाईंनी नेलाय. उठवत नाही —

१७
आलं. पांढरं, दाट, वड्या पडाव्यात तसं. तानाबाई आईसारखा पाठीवर हात फिरवत होत्या. दुसऱ्या हातात नवं गाडगं. थेंब सांडू दिला नाही. शी. शी —
बोट बुडवलं. चाटलं. छान लागलंय म्हणाल्या.

१७, उजाडलंय
ओट्यावर वाट्या वाजतायत. तानाबाई सगळ्यांना सांगतायत, तळेगावहून नवीन आणलंय, ताईंनी तपासून दिलंय. माझं नाव ऐकून कुणी काही विचारत नाही.
सृष्टीचा आवाज. भूक लागलीय तिला. ज्ञानेश म्हणतात, ताईंनी तपासलंय ना, मग घे —
ओरडायला तोंड उघडलं की तेच येतं. दाराला बाहेरून कडी आहे. वही दाराखालून सरकवते, ते वाचतील —
ज्ञानेश, तिला देऊ नका. मी तपासलेलं नाही. ते माझ्या पोटात