एकशे एकाचे पाचशे पाच

मी, शौनक यज्ञेश्वर निघोजकर, वय एकोणतीस, धंदा मिळेल तो, सध्या क्रेन चालवणे, मूळ राहणार केडगाव, हल्ली मुक्काम सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दाबाखाली न येता, माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. अक्षर वाईट आहे, त्याला इलाज नाही. नववीनंतर शाळा माझ्या मागे लागली नाही आणि मीही तिच्या नाही.

कारण असं की, मंगळवारी मी हिमाचलात बोगद्याच्या कामावर निघतोय. कंत्राटदाराच्या माणसाने फोनवर विचारलं, "वारस कोण लिहू?" म्हटलं, आई. फोन ठेवला आणि वाटलं, मी गेलोच तर आईच्या हातात नक्की काय पडणार? तेच खाली लिहितो.

१. पान्यांचा संच आणि छत्री छगनला. छगन म्हणजे माझ्या खोलीखालचा पंक्चरवाला, खोलीचा मालकही तोच. मोटारसायकलही त्यालाच द्यायची होती, पण ती आता नाही. का नाही, ते कलम चारमध्ये.

२. आता शेअर. हे नीट वाचावं.

आमचे बाबा भिक्षुकी करायचे. एका यजमानाच्या सांगण्यावरून त्यांनी दक्षिणेतून वाचवून एका कंपनीचे शेअर घेतले, थोडे थोडे करत एकशे पंचवीस. वीस वर्षांत एकही विकला नाही. कंपनीचं नाव डीमॅटच्या कागदावर आहे. इथे लिहिलं तर वाचणारा आधी भाव बघत बसेल.

२०१६ साली बाबांनी मृत्युपत्र केलं. घर माझ्या मोठ्या भावाला, वरदला, आणि शेअर मला. "हा एका जागी टिकत नाही. याला घर दिलं तर कुलपालाच दिल्यासारखं," असं ते आईला म्हणाले. शेअरमधले थोडे वरदलाही ठेवायचे होते. पाचातले चार हिस्से शौनकला, असं लिहिलं असतं तर माझे शंभर भरले असते. पण इथे त्यांच्यातला भटजी आडवा आला. शून्यावर संपणारा आकडा त्यांनी जन्मात कोणाच्या हातावर ठेवला नाही. वर एक हवाच. म्हणून लिहिलं, "एकशे एक शेअर चि. शौनक यास, उरतील ते चि. वरद यास." उरत होते चोवीस.

तीन वर्षांनी कंपनीने शेअर फोडले. दहा रुपये दर्शनी किमतीच्या एकाचे दोन-दोन रुपयांचे पाच. पंधराशेचा भाव सकाळी तीनशे दिसला तेव्हा आई घाबरली. बाबा हसले. "अगं, नारळ तेवढाच आहे. खिरापतीचे तुकडे वाढले." एकशे पंचवीसाचे सहाशे पंचवीस झाले, किंमत होती तेवढीच राहिली. एवढं ज्या माणसाला कळलं, त्याला कपाटातल्या मृत्युपत्रात जुना आकडा पडून आहे हे काही आठवलं नाही. सगळे शेअर फुटले, कागदावरचे एकशे एक तेवढे फुटले नाहीत.

२०२१ मध्ये बाबा गेले. मला मिळाले एकशे एक, वरदला पाचशे चोवीस.

३. वरदशी माझं बोलणं झालं ते असं.

"दादा, माझ्या एकशे एकाचे पाचशे पाच होतात. तुझ्या चोवीसाचे एकशे वीस."

"आकडा बाबांनी लिहिलाय, मी नाही. त्यातलं एक अक्षर तरी मी खोडलंय का?"

"त्यांच्या मनात काय होतं ते तुला माहितीये."

"मनातलं डीमॅटला चढत नाही, शौन्या. आणि तू कुठे होतास रे? सहा महिने दवाखाना मी काढला. तू गोव्यात लोकांना बोटीत बसवत होतास."

हे खरं आहे. बोटीचं काम छान होतं, पण तो विषय वेगळा. दवाखान्याचा खर्च आधी वजा करायला मी तयार होतो, आजही आहे. पण वरद त्या बोलण्याला बसतच नाही.

आईचं नाव प्रेमला. ती वरदकडे राहते. उपाशी नाही, कोणी अंगावर ओरडत नाही, खोटं कशाला लिहू. पण डोळ्यांत घालायचे थेंब संपले तरी दोन-दोन दिवस सांगत नाही. राहुरीला बहिणीकडे जायचं म्हटलं तर "आत्ता कशाला?" याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. माझ्या हिश्शाचा लाभांश थेट तिच्या हातात पडावा, एवढंच मला हवं होतं.

वकिलाने विचारलं, "वडिलांचा हेतू सांगणारं कोणी आहे?" आहे. फक्त आई. तिला विचारलं, तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "सांगेन की. पण कोर्टातून आल्यावर जेवायचं कोणाच्या घरी, तेवढं सांग."

मी तिथून उठलो आणि बडोद्याला कामावर गेलो.

४. आईच्या त्या प्रश्नावर उपाय म्हणून मोटारसायकल विकली आणि छगनच्या दुकानावरच्या या खोलीचं वर्षाचं भाडं आईच्या नावाने भरलं. गॅस आहे, कुकर आहे, खिडकीला जाळी लावली. छगन म्हणाला, "भाड्याचं ऱ्हाऊ द्या वो, शौनकभाऊ. माझी म्हातारी खालीच हाय, दोघी भांडत बसतील. पन तुमी ह्ये मरायचं नका लिहू, लई वंगाळ वाटतं." त्याला म्हटलं, लिहिल्याने कोणी मरत नाही. खोलीतलं सगळं सामान आईचं.

५. माझ्या नावावरचे सगळे शेअर आईला. आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. मी मरेन त्या दिवशी जेवढे असतील तेवढे. मधे फुटले तर फुटलेले सगळे. बोनस आला तर तोही. वरदकडे राहिलेल्या माझ्या हिश्शावरचा हक्कही तिचाच. तो मागायचा की सोडायचा, हे तिने ठरवावं. तिला कोणी घाई करू नये, वकिलानेसुद्धा.

६. बाबांचं ताम्हन आणि पळी-पंचपात्री वरदला. पूजा तो करतो, मी नाही. राग वेगळा, ताम्हन वेगळं. माझे दिवसही त्यानेच करावेत, मंत्र त्याला येतात.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: सुपा. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५.
शौनक यज्ञेश्वर निघोजकर

साक्षीदार:
१. छगन सहादेव औटी, सुपा
२. भागवत रंगनाथ शेळके, क्रेनमालक, सुपा

सह्यांनंतरची जोड: खोली बघायला म्हणून आईला आज बोलावलं होतं. तिने हे सगळं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "खाली जागा आहे का?" पुढचं अक्षर तिचं आहे.

"ह्यांनी माझ्यासमोर सांगितले होते की घर वरदला, शेअर शौनकला, आणि त्यातले थोडे वरदच्या हातावर ठेवायचे. हे मी कोर्टातही सांगेन. प्रेमला यज्ञेश्वर निघोजकर."

मी म्हटलं, "आई, आता इथेच राहा."

"नको. वरदला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. मी सांगते, मग येते."

"आणि त्याने जा म्हटलं तर?"

"मग लवकर येईन."

केडगावच्या एसटीत तिला आत्ताच बसवून आलो. मंगळवारचं जाणं मी तूर्त थांबवलं आहे. एवढं वाढवून पुन्हा सही करतो, छगनलाही करायला लावतो.

शौनक य. निघोजकर
छगन स. औटी