पुलाचे दोन तुकडे

३ मार्च, सोमवार
दादाने पुन्हा फोन कापला. रविवारी गॅलरीत प्रदर्शन उघडायचंय, आपल्या मुलखातल्या जुन्या-नव्या सगळ्या चित्रकारांचं, आणि मी पत्रिकेत छापून बसलोय की मधल्या भिंतीवर बाबांचा पूल लागणार. अख्खा! डावा काठ माझ्याकडे, उजवा त्याच्याकडे. बाबांनी जाण्याआधी स्वतःच्या हाताने कॅनव्हास कापला आणि गुंडाळ्या करून ठेवल्या, वाटणी म्हणून. एवढा शहाणा माणूस, पण शेवटी काय डोक्यात घेतलं कोण जाणे. अकरा वर्षांत ते तुकडे एका छताखाली आलेले नाहीत. आम्ही दोघंही नाही.

४ मार्च
ताई मध्ये पडली, नेहमीसारखी. सकाळी त्याच्याकडे, दुपारी माझ्याकडे – पायाला भिंगरी. दादाची अट काय, तर चित्राखालच्या पाटीवर त्याचं नाव आधी. घे बाबा, घे. डोक्यावर लाव पाटी.
जाताना ताई म्हणाली, "त्या चित्राचं एक सांगायचं होतं..." तेवढ्यात सुतार चौकटीचं माप विचारायला आला. राहिलं ते.

६ मार्च
वहिनींचा फोन. दादा तयार. सुटलो.

७ मार्च, शुक्रवार
कसला सुटतोय!
दादा टेम्पोतून आला, तुकडा चादरीत गुंडाळून. भिंतीकडे बघत म्हणाला, "पाणी मिळेल का?" दिलं. मग दोघांनी मिळून तुकडे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले.
जुळेचनात. माझ्याकडची शेवटची कमान वर चढता चढता तुटते. त्याच्याकडे ती खाली उतरत आलेली. मधली वीतभर गायब.
"चौकटीत बसवायला कापलंस ना?" दादा.
"मी? जन्मात चित्राला कात्री लावली नाही. तूच सोफ्यावरच्या जागेत मावेना म्हणून कापलं असशील."
सुतारासमोर हे सगळं. पन्नाशी उलटलेले दोन घोडे. सुतार आपला शांतपणे म्हणतो, "साहेब, मग माप कुठलं घेऊ?"
दादा तणतणत गेला. तुकडा इथेच राहिला, तेवढं नशीब. पण परवा लोक येणार, पत्रिकेत 'अख्खा' लिहिलंय, आणि मध्ये ही खिंड. मला तोंड दाखवायला जागा नाही. लाज वाटते आणि रागही येतो, दादाचा, बाबांचाही.

८ मार्च
ताईपाशी फोनवर सगळं ओकलो. दादाने कसं कापलं, कसा खोटं बोलतो. ती म्हणाली, "त्यालाही बोलाव. येते मी."
आली. पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून गुंडाळी. टेबलावर उलगडली. वीतभर रुंद, चित्राइतकी उंच. मध्ये सरकवली तशी कमान पुरी झाली.
"तीन तुकडे केले होते रे बाबांनी. ताईला काय मिळालं, हे तुम्ही दोघांनी कधी विचारलंच नाही."
दादाने तुकड्याची एक कड हाताने सपाट केली, मी दुसरी.
"उद्यापुरता देतेय," ती म्हणाली. "सोमवारी न्यायला येईन."