एकाच दारावर दोघं

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी बाबांना चहा पाजताना लॅपटॉपवरची लॅबची स्क्रीन अडकली. मान तिकडे वळली, चहा त्यांच्या बनियनवर. मिनिटभराने सगळं परत आलं. आमच्या रांझीचं नेट, दुसरं काही नाही. पण दुपारपर्यंत दर पाच मिनिटांनी बघत राहिले.

बाबा म्हणाले, "काहून?" लकवा मारल्यापासून त्यांच्याकडे मोजकेच शब्द उरलेत, त्यात हा शाबूत आहे. का, कशाला, काय झालं, सगळ्याला तोच.

"काही नाही बाबा, नेट गेलं होतं."

१० सप्टें., बुध.

लॅबच्या मालकांना, डॉक्टर साहेबांना, आज पुन्हा म्हटलं, लॅबसाठी दुसरा सर्व्हर घ्या. ते हसले. "चल तो रहा है ना, संध्या जी?"

चालतोय. तीच तर भीती आहे. सगळं एकाच डब्यावर. पेशंट ज्यावर रिपोर्ट बघतात ती वेबसाइट त्यावर, आणि मी घरून ज्यातून आत शिरते तो गेटवेही त्यावरच. लॅबची कुंडम आणि पनागर गावची सेंटर्सही त्यातूनच येतात. वेबसाइट आणि गेटवे, दोघांना दार एकच. गेटवे आधी उठला तर तो दारात बसतो, पेशंट आला की वेबसाइटकडे धाडतो, आपला माणूस आला की किल्ली, म्हणजे पासवर्ड, बघून आत घेतो. उलटं झालं, वेबसाइट आधी उठून दारात बसली, तर गेटवेला जागाच नाही. बाकीची सगळी दारं चोरांच्या भीतीने मीच बंद केलीत.

सर्व्हर बंद करून चालू केला तर आधी कोण उठेल? माहीत नाही. मी आल्यापासून तो बंद पडलेलाच नाही. ज्याने बसवला तो बंगलोरला, फोन उचलत नाही. करून बघायचं तर बंद करावा लागेल, आणि ते धाडस होत नाही.

लॅबचे कॉम्प्युटर मी घरून सांभाळते, ही डॉ. साहेबांची मेहेरबानी. "जब तक दिक्कत नहीं आती." दिक्कत आली की खुर्ची लॅबमध्ये. मग बाबा? मार्चमध्ये मी लॅबमध्ये होते तेव्हा ते बाथरूममध्ये पडले. कडी आतून. संध्याकाळी मी आले तेव्हा...

नको.

१५ सप्टें., सोम.

परवा विश्वकर्मा पूजा. लॅबमधली सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून दिवसभर बंद. सर्व्हर आजवर सुटत आला, कारण तो जुन्या स्टोअरमध्ये कुलपात असायचा. पावसाळ्यात तिथे ओल आली म्हणून चालूच्या चालू, इनव्हर्टरसकट ढकलत समोरच्या खोलीत आणला. आता तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

लखन भैया लॅबचे जुने टेक्निशियन, पूजा तेच बघतात. त्यांना फोन केला. मनात होतं, सरळ सांगावं की याला पूजेत घेऊ नका. जीभ वळेना. आम्ही बौद्ध, आमच्या घरी पूजा नाही, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत. "आप लोग तो मानते नहीं," हे एकदा ऐकलंय, तेही हसत हसतच म्हटलेलं. म्हणून म्हटलं, "भैया, सर्वर को पानी-हल्दी से बचाना, करंट का डर रहता है."

"बिल्कुल दीदी, निश्चिंत रहिए."

निश्चिंत! मी!

खरं तर बाबाही त्या दिवशी फॅक्टरीत जायचेच. हात जोडायचे नाहीत, पण आपलं लेथ मशीन तेलाच्या फडक्याने लख्ख पुसायचे आणि आमच्यासाठी डब्यात बुंदी घेऊन यायचे. म्हणायचे, दुसऱ्या दिवशी मशीन चालू करताना तिच्यावर हात ठेवायचा. कशी उठते ते हाताला कळते.

१७ सप्टें., बुध.

झालं.

अकराच्या सुमाराला स्क्रीन गेली. नेट बघितलं, चालू. वेबसाइट बघितली, तीही बंद. लखन भैयांना फोन, फोन, फोन. शेवटी उचलला, मागे घंटा वाजत होती.

"दीदी, आपने कहा था न करंट का डर है। तो हमने स्विच ही बंद कर दिया। एक बूंद पानी नहीं लगने दिया।"

माझंच वाक्य. त्यांनी अक्षरशः पाळलं.

"चालू कीजिए भैया, अभी के अभी."

चालू केला. वेबसाइट आली. गेटवे नाही. किल्ली टाकते, नुसतं गोल फिरत राहतं. मी बाहेर. कुंडम बाहेर, पनागर बाहेर. लॅबमध्ये मात्र सगळे खूश, कारण वेबसाइट उघडतेय.

पुन्हा फोन. म्हटलं, कीबोर्डवर बसा, मी एकेक अक्षर सांगते. भैया हळूच म्हणाले, "दीदी, आपके कहने पर स्विच तो दबा दिया। पर आरती हो चुकी है। अब कल सुबह तक हाथ नहीं लगाते। हमसे मत करवाइए।"

स्विच दाबतानासुद्धा त्यांचा जीव किती कचरला असेल, ते आवाजातच कळलं. याला पूजेत घेऊ नका, हे मी परवाच सरळ म्हणायला हवं होतं.

दुपारी कुंडमचं सेंटर बघणाऱ्या मरावीजींचा फोन. "नहीं खुल रहा, दीदी।" नेटवर्क असेल, म्हटलं. खोटं. "ठीक है। हम डॉक्टर साहब को नहीं बताएंगे, कल देख लेना।" समजून गेले बहुतेक.

बाबांकडे बघवत नाही. ते मात्र सारखे, "काहून? काहून?"

१८ सप्टें., गुरु.

आता लॅबमध्ये जाऊनच गेटवे उठवावा लागणार, आणि बाबांजवळ बसायला शेजारच्या वहिनीही नाहीत, नागपूरला गेलेल्या. बाबांना एकटं ठेवणार नाही म्हणजे नाही. ऑटो बोलावली, ड्रायव्हरने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. रस्ताभर मी देवाधर्माचं नाही, ब्रेकचं नाव घेत होते.

सर्व्हरवर झेंडूचं एकच फूल, कोरडं. भैयांनी खुर्ची आणून बाबांना तिथेच बसवलं. मी वेबसाइट थांबवली, गेटवे उठवला, मग वेबसाइट. दोघं आपापल्या जागी. लगेच मरावीजींचा मेसेज, खुल गया.

पुढच्या वेळी गेटवेनेच आधी उठावं, असा क्रम सर्व्हरमध्ये लिहून ठेवला. लिहिला, तपासला नाही. त्यासाठी पुन्हा बंद करावा लागला असता. बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. डरपोक आहे मी, दुसरं काय.

बाबांनी डावा, चांगला हात सर्व्हरच्या अंगावर ठेवला होता. तळवा पूर्ण टेकवून. फॅन ऐकत होते.

तेवढ्यात डॉ. साहेब आत आले. "अरे, बाबूजी को साथ लाना पड़ा?" मग त्यांनी सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. "देखिए संध्या जी, इस बार छोड़ दिया। एक बार और ऐसा हुआ तो आपको यहीं बैठना पड़ेगा। बाबूजी के लिए कोई आया रख लीजिए।"

मार्चमध्येही आया होतीच. त्या दिवशी लवकर निघून गेली होती.

२१ सप्टें., रवि.

लॅबच्या भागात सकाळपासून लाईट नाही, लाईनचं काम. सर्व्हर इनव्हर्टरवर. लखन भैया सुट्टी असून स्वतःहून जाऊन बसलेत. बुधवारचं त्यांना लागलंय.

आत्ता त्यांचा फोन. "दीदी, इनवर्टर सीटी मार रहा है। क्या करें?"

म्हणजे बॅटरी संपत आली. म्हटलं, बंद होऊ द्या भैया. लाईट आली की तुम्हीच चालू करा. दुसरं काही करू नका. जो उठायचा तो उठेल.

स्क्रीन गेली.

बाबा म्हणाले, "काहून?" रोज म्हणते काही नाही, नेट गेलं. आज तसं नाही म्हटलं.

"भेव लागून राहिलं बाबा. हे नाही उठलं तर मले उद्यापासून तिकडं जा लागते. तुमाले सोडून."

त्यांनी डावा हात सरकवत आणला आणि लॅपटॉपवर ठेवला. तळवा पूर्ण टेकवून.

दुपार. भैयांचा मेसेज: लाइट आ गई, चालू कर दिया।

वेबसाइट उघडली. बुधवारीही ती उघडली होती, गेटवे मात्र उठला नव्हता.

किल्ली टाकली. गोल फिरतंय. बाबांचा हात अजून तिथेच आहे, त्यावर मी माझा ठेवलाय. फिरतंय.